घरचा नंबर

नवऱ्याने टेबलाखाली डोकं घातलं आणि जुन्या फोनची वायर भिंतीतून उपटून काढली. ती दारातच उभी होती, गळ्यात मोजपट्टी, दोन्ही हात कमरेवर. पडद्यांचं आपलं दुकान उघडायची वेळ टळून चालली होती, पण हा तमाशा पाहिल्याशिवाय तिचा पाय निघेना.

"लावलेत दिवे?"

"अगं, आता ही वायर लागतच नाही. फोन या इंटरनेटच्या डब्याला जोडायचा. यंत्र तेच, नंबर तोच. आवाज बघ कसा खणखणीत येईल! परदेशात बोललं तरी फुकट."

"परदेशात कोण बसलंय तुमचं, हा खणखणीत आवाज ऐकायला?"

तो नुसता बोटं पुसत राहिला. बोलेल कसा? जन्मभर पाणीखात्यात लोकांच्या मीटरचे आकडे उतरवले, तेवढंच काय ते कर्तृत्व. आणि आता निवृत्त झाल्यावर शहाणपण पाजळायची हौस आली होती.

नंबर तोच राहणार म्हणाला, म्हणून तिने होकार तरी दिला होता. मुलगा घर सोडून गेला त्याला सहा वर्षं होत आली. केस कापणाऱ्या एका मुलीशी लग्न करतो म्हणाला, तेव्हा याच खोलीत तिने त्याला सुनावलं होतं, "तिला सोडलंस तर ये. नाहीतर मी तुला मेले." हे ध्यान तेव्हाही मूग गिळून बसलं होतं. मोबाइल तिने त्यानंतर घेतला; नवऱ्याकडे तर तो नव्हताच. म्हणजे मुलाला ठाऊक असलेला नंबर हा एवढाच. कधी ना कधी तो फोन करणार, चुकलं म्हणणार, मग ती त्याला चांगलं फैलावर घेणार आणि शेवटी माफही करणार. काय काय बोलायचं ते तिला तोंडपाठ होतं. दुपारी दुकानात असायची म्हणून घरी आल्या आल्या ती रोज विचारायची, "कुणाचा फोन?"

"कुणाचा नाही," नवरा म्हणायचा.

फोन डब्याला जोडून त्याने रिसीव्हर कानाला लावला. मग खाली ठेवला. परत लावला. फोनमध्ये धुगधुगी नव्हती. शेवटी तिनेच आपल्या मोबाइलवरून कंपनीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"जुनी लाइन चालू आहे ना?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"नाही नाही," नवरा पुढे सरसावला. "बंद करायचा अर्ज मीच देऊन आलो. आज सकाळी बंदही झाली. म्हटलं, दोन दोन कशाला!"

"काका, लाइन चालू असतानाच नंबर आमच्याकडे घेता येतो. बंद केलीत म्हणजे तो नंबर गेला. दुसरा देऊ का?"

तिने मोबाइल बंद केला.

"एक काम धड केलंत का हो आयुष्यात? एक? माझ्या पोराचा फोन आता कुठे येणार? तुमच्या डोक्यावर?"

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो घड्याळाकडे बघत होता.

"आजच्या दिवस तुझा मोबाइल ठेवून जातेस का?" त्याने हळूच विचारलं.

"का? त्याचाही बट्ट्याबोळ करायचाय?"

असल्या माणसासोबत उभी हयात काढली याची तिला लाज वाटली. पर्स उचलून ती तडातडा जिना उतरली.

दुकानात तिने एक जाड पडदा टेबलावर पसरला आणि अस्तर लावायला घेतलं. टाचण्या सरळ बसेनात. मोबाइल वाजला तेव्हा तिच्या ओठांत चार टाचण्या होत्या. भला लांबलचक, परदेशातला नंबर. तिने टाचण्या तळहातावर काढल्या.

"आई, मी बोलतोय."

सहा वर्षं घोकलेलं सगळं ओठांवर आलं. "आली का आईची आठवण?" ती म्हणाली. "सुचलं एकदाचं शहाणपण?"

"बाबा बरे आहेत ना? घरचा फोन लागतच नाहीये. कधीपासून लावतोय."

"त्यांना काय धाड भरलीय?" ती म्हणाली. मग थबकली. "माझा हा नंबर तुला कुणी दिला?"

"बाबांनीच. अगदीच अडलं तरच कर म्हणाले होते. रोज या वेळेला उचलतात ना ते, म्हणून काळजी वाटली."

मागून एका लहान मुलीचा रडवेला आवाज आला. "आजोबा नाहीत? आजोबा का नाही बोलत आज?"

"कोण आहे ती?"

"आई, तू घराजवळ असशील तर बाबांना देतेस का फोन? ती ऐकत नाही."

तिने शटरही ओढलं नाही. मोबाइल छातीशी धरून ती रस्ता ओलांडून आली, जिना चढली. नवरा त्या मुक्या फोनसमोर खुर्ची ओढून बसला होता. तिने मोबाइल पुढे केला. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि घाईने मोबाइल कानाला लावला.

"अरे अरे अरे! कोण रडतंय? मी इथेच आहे. आजोबा कुठे जातात?"

तो हसत होता. मोठ्याने, मान मागे टाकून. या घरात असं कुणी हसल्याचं तिला आठवेना. ती पलंगाच्या कडेवर टेकली आणि तिने हात पुढे केला.

"मला द्या ना. एकदा."

नवऱ्याने मोबाइलवर तळवा ठेवला. पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नजर न चुकवता पाहिलं.

"तू जरा दुकानात जाऊन बसतेस का?" तो म्हणाला. "तुझा आवाज ऐकला तर ती घाबरेल."