बिनगाठीचं कफन

मेलेल्या माणसाच्या अंगावर जे दिसेल ते न्हाणीच्या उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हा प्रेतांना न्हाऊ घालणाऱ्या यहुदी स्नानमंडळाचा नियम मावशीनं जन्मभर पाळला होता. पोटात घ्यायचं आणि पोटातच जिरवायचं. त्या दिवशी मात्र जिरेना.

फळीवर होती समोरच्या इमारतीतली म्हातारी. तिच्या दोन्ही मनगटांवर काळेनिळे वळ होते, बांगड्यांसारखे गोल.

"अगं, हे बांधल्याचे," सोबतीण पुटपुटली. "सुनेनं पलंगाला..."

"इथं प्रार्थनेखेरीज शब्द नको," मावशी म्हणाली आणि वळांवरून हलकेच कोमट पाणी सोडलं.

कफन चढवलं. त्याच्या बंदांना गाठ मारत नाहीत; ओढताच सुटेल असा नुसता पीळ देतात. शेवटी रीतीप्रमाणे दोघींनी मेलेलीची क्षमा मागितली: काही उणं राहिलं असेल तर पोटात घाल. रोजचं पाठ वाक्य, पण आज मावशीनं ते दोनदा म्हटलं. म्हातारी सुटली, पण तिचा म्हातारा अजून त्याच घरात होता. बोलावं तर मेलेलीची अब्रू जाते. गप्प बसावं तर जित्याचं रक्त वाहताना बघत राहिल्याचं पाप.

दुसऱ्या दिवशी ती सांत्वनाला गेली. म्हातारीचा मुलगा दुखवट्याच्या रीतीप्रमाणे बुटक्या स्टुलावर बसला होता, भोवती माणसं.

"या मावशी. आईला नीट न्हाऊ घातलंत ना?"

"घातलं. बाबा कुठं आहेत? नवरा तो, शोकाचा मान पहिला त्यांचा."

"आत आहेत. त्यांना कुठं काय कळतंय! काल मला पोस्टमन समजून पत्र मागत होते."

चारदोन माणसं हसू की नको अशी हसली. मावशी आत गेली.

म्हातारा खुर्चीत होता, हातांवर शाल. ती समोर जमिनीवर बसली. दुखवट्यातला माणूस बोलेपर्यंत आपण बोलायचं नसतं.  

"तिचे हात सोडलेत का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सोडले, काका. एकही गाठ मारली नाही."

तो पुढं झुकला तशी शाल घसरली. दोन्ही मनगटं जुन्या चादरीच्या पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेली.

दारात सून उभी होती. मावशीनं तिला आत घेऊन आधी दार लोटलं. चारचौघांत कुणाची मान खाली घालायला लावणं हेही रक्त सांडणंच. मग तिनं गाठीला हात घातला.

"सोडू नका," सून म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा. "उठतात नि पडतात. परवा गॅस उघडा टाकला. दोन-दोन म्हातारी माणसं सांभाळायला, मी एकटी."

"मी येत जाईन, बाळा. रोज बसेन यांच्याजवळ. पण हे पुन्हा दिसलं, तर दार उघडं ठेवून बोलेन."

"आता?" सून म्हणाली. "इतकी वर्षं तुमच्या खिडकीतून आमची खिडकी दिसते, मावशी. सासूबाई जिवंत असताना एकदा डोकावलात? मेल्यावर बऱ्या धावत आलात."

मावशी पुन्हा गाठीकडं वळली. नखांनी गाठ निघेना, म्हणून तिनं वाकून दात लावले. आधी एक सुटली, मग दुसरी.

म्हाताऱ्याचे हात होते तिथंच राहिले, खुर्चीच्या दांड्यांना चिकटून.

"उचला ना, काका," ती म्हणाली.

तो सुनेच्या तोंडाकडं बघत राहिला.