फुंकणीने नेलं म्हणतात

मी एक जुनी फुंकणी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी चूल नसेल, म्हणून सांगते. मी हातभर लांब लोखंडी नळी आहे. एका टोकाला तोंड लावून फुंकले, की दुसऱ्या टोकाशी विस्तव फुलतो. आयुष्यभर मी एवढेच केले. तरीही भर सभेत माझ्यावर एका बाईच्या मृत्यूचा आरोप झाला. ती बाई माझी मालकीण होती.

माझा जन्म मिठागरात झाला. दिवा आणि डोंबिवली यांच्यामधल्या खाडीकाठच्या गावात राघो मिठागरावर काम करायचा. पडीक पंपाची नळी त्याने लोहाराकडून कापून आणली आणि नव्या नवरीच्या, आवडाबाईच्या, हाती दिली. गावात कुणाचीही हळद असली, की मांडवामागे चूल मांडून तांदळाच्या भाकऱ्या आवडाबाईच करायची. लोक तिच्या भाकरीची तारीफ करत. त्यातली थोडी मी माझी समजत असे.

मग घरी गॅस आला. मी खिळ्याला टांगली गेले आणि वर्षातून चार-सहा हळदींपुरतीच खाली उतरू लागले. तेवढ्या हळदींतच आवडाबाईने लेकीला, कृतिकाला, माझी रीत शिकवली. "पोरी, फुंकून झालं का तोंड बाजूला कर, मंग दम घे. नलीतून दम ओढलास त सगला धूर छातीन जाईल." कृतिकाला एकदाच ठसका लागला. पुन्हा नाही.

अकरा वर्षांपूर्वी राघोचा चुलतभाऊ गोपीनाथशेठ याने खाडीकडची जमीन कचरा टाकायला दिली. "सहा महिन्यांचा प्रश्न आहे, वैनी," असे तो आवडाबाईचीच भाकरी मोडता मोडता म्हणाला. सहा महिन्यांत ढीग झाला, सहा वर्षांत डोंगर. उन्हाळ्यात तो डोंगर धुमसायचा. ज्वाळा कधी दिसली नाही, नुसता धूर. तो घरात यायचा, वाळत घातलेल्या कपड्यांत राहायचा. आवडाबाई खोकू लागली. शेवटच्या हळदीला तिने मला ओठांशी धरले आणि फुंकले. माझ्या दुसऱ्या टोकाशी राखेचा कणही हलला नाही. तिने मला कृतिकाच्या हाती दिले. पुढल्या माघात ती गेली; त्याला आता दोन वर्षे झाली.

चुलीलाही धूर असतो, मी नाकारत नाही. पण चार-सहा हळदींचा धूर मी ओळखते, आणि तो धूर वेगळा होता.

यंदा त्याच जागेवर कचरा जाळून वीज करायचा कारखाना येणार, असे ठरू लागले. शाळेच्या पटांगणात सरकारी साहेबांसमोर सुनावणी झाली. आई कचऱ्याच्या धुराने गेली, असे कृतिकाने सांगितले. गोपीनाथशेठने माइक ओढून घेतला. "वैनी मला आईसारखी होती. पण जन्मभर चूल फुंकली तिनं. फुंकणीनं नेलं तिला, कचऱ्यानं नाही. लिहून घ्या, साहेब."

लिपिकाने लिहून घेतले. आरडाओरडा वाढला आणि सुनावणी आठ दिवस पुढे गेली.

घरी येऊन कृतिकाने ते वाक्य राघोला जसेच्या तसे ऐकवले.  तो सवयीने मला खिळ्यावरून काढून झटकू लागला.

"बाबा, राख राहू दे आत," कृतिका म्हणाली.

दुसऱ्या सुनावणीला मी कापडी पिशवीतून गेले. कंपनीचा माणूस सांगत होता, की कचरा म्हणजे इंधन. चाळीतल्या सुमतीबाई उठून म्हणाल्या, "निदान तो डोंगर तरी जाईल ना हो? आमच्या नातवंडांना रात्रंदिवस वास येतो." त्यांना कुणी हसले नाही. त्यांचे दुःख खरेच होते.

मग कृतिकाने व्यासपीठासमोर तीन विटा मांडल्या. घमेल्यात सकाळच्याच गाडीतला कचरा होता. त्यात भाजीचे देठ, हार, डायपर, वरणभात होता. वर काडेपेटी ठेवली.

"काका, इंधन आहे ना? पेटवून दाखवा."

"अगं, हा काय तमाशा?"

"पेटवा ना शेठ!" मागून कुणी ओरडले. "उद्घाटनाला नारळ फोडता, आज काडी ओढा!"

पाच काड्या गेल्या. कडेचा कागद जळला आणि ढिगातून पांढरा धूर निघाला. कृतिकाने मला पुढे केले. "ही घ्या. आईला हिनंच नेलं ना? फुंका."

लोकांसमोर त्याला नाही म्हणवेना. गोपीनाथशेठने मला ओठांना लावले.

मित्रांनो, मी त्या क्षणाची आठ दिवस वाट पाहत होते. कदाचित दोन वर्षे. साठ वर्षे त्याने गावभर भाकऱ्या खाल्ल्या, पण चूल एकदाही फुंकली नव्हती. त्याने फुंकले, आणि तोंड न काढताच दम ओढला. मी माझ्याजवळ होते ते सगळे त्याला दिले. आधी आवडाबाईच्या चुलीची राख, मग त्याच्या कचऱ्याचा धूर.

तो खोकत खुर्चीवर बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होते. "पानी... पानी द्या कुणी."

कृतिकानेच पाणी दिले. मग लिपिकाकडे वळली. "लिहा. गोपीनाथकाकांना धुराचा त्रास झाला. एक फुंकर. आईनं तो धूर नऊ वर्षं घेतला."

लिपिकाने साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "लिहा." फुंकणीचे जुने वाक्य मात्र त्यांनी खोडू दिले नाही.

म्हणून, मित्रांनो, एक विनंती. घरातल्या जुन्या वस्तू टाकू नका. त्या वापरायच्या कशा, हे ज्यांना येते त्यांना वेळीच विचारून ठेवा. लोखंडाला तेल लावा, गंज चढू देऊ नका. मला मात्र अजून आतून पुसू नका. पुढची सुनावणी ठाण्याला आहे, आणि कृतिकाने चुलीतून मूठभर राख काढून ठेवली आहे.