तांदळात लिहिलेलं नाव

आमच्या नवी पेठेतल्या मंडळानं सोळा डिसेंबरला माजी सैनिकांचा सत्कार ठरवला, म्हणून मी माझा दाखला नेऊन दिला. एकाहत्तरच्या लढाईत मी सीमेजवळच्या छावणीत टेलिफोन ऑपरेटर होते. सहा महिन्यांचं ट्रेनिंग, मग ते चौदा दिवस. विमानं आली की बाकीच्यांना खंदकात पळायची मुभा होती. आम्ही मुलींनी टेलिफोनचा बोर्ड सोडायचा नाही.

दुसऱ्याच दिवशी मंडळाचा अध्यक्ष कुंडलिक दाखला घेऊन घरी हजर.

"आजी, हितं विजयमाला लिवलंय की. तुमी तर शकुंतला."

"विजयमाला मीच. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं शकुंतला लिहिलं, तेव्हापासून शकुंतला."

"व्हय, पण पुरावा काय?"

"त्या तांदळाचा भात होऊन पन्नास वर्षं झाली. पुरावा कुठून आणू?"

माझा मुलगा सुबोध मध्ये पडला. "आई, वाद कशाला? बाबाही मिलिटरीत होतेच. त्यांच्या नावानं सत्कार घे."

माझं डोकंच फिरलं. ह्यांनी ती लढाई पुण्याच्या गोदामात ब्लँकेटांच्या सोबतीनं काढली. फोनवर मी काय काय ऐकलं, हे त्यांनी एकदा विचारलं होतं. नोकरीत घेतलेली न सांगण्याची शपथ होती, म्हणून गप्प बसले. घरानं त्याचा अर्थ लावला, हिच्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच.

सत्काराला गेले. "कैलासवासी गंगाधररावांच्या पत्नी, शकुंतलाबाई," असा पुकारा झाला. मी वर जाऊन शाल बाजूला सारली आणि माईक ओढून घेतला.

"माझं नाव विजयमाला. लढाईत हे नव्हते, मी होते."

कुंडलिक हसत पुढे आला. "आजी, बास की आता."

"हात लावू नकोस. चालू लाइन मधेच तोडत नाहीत."

तो थांबला. मग इतक्या वर्षांची शपथ मी तिथंच मोडली.

"एका चौकीवरचा लेफ्टनंट माघारीची परवानगी मागत होता. फोन मी जोडून दिला. साहेब नाही म्हणाले, तेही मी ऐकलं. साहेबांनी फोन ठेवल्यावर त्यानं मला नाव विचारलं. शेवटचं कुणाशी बोललो ते कळू दे, म्हणाला. नाव सांगायचं नाही असा नियम. मी म्हटलं, ऑपरेटर अकरा."

सुबोध खाली मान घालून बसला होता. मी कुंडलिककडे वळले.

"त्याला मी नाव सांगितलं नाही. तुला सांगितलं, तर तू पुरावा मागतोस."