डाव्या दाराचा स्पीकर

माझी बायको गेली, त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी सकाळी एका बाईचा फोन आला. "मशीन तयार आहे. कधी घेऊन जाताय?"

"कसलं मशीन?" मी विचारलं. मला वाटलं, हिने शिलाई मशीन दुरुस्तीला टाकलं असेल.

"कानाचं. मॅडम फोन उचलत नाहीयेत, म्हणून तुम्हाला केला."

"बाई, चुकीचा नंबर लागलाय. आमच्या घरात कोणी बहिरं नाही."

तिने माझ्या बायकोचं पूर्ण नाव वाचलं. मग आमचा पत्ता वाचला. मग म्हणाली, "डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा थोडा कमी. पहिली तपासणी चौदा महिन्यांपूर्वीची आहे. तुम्ही त्यांचे मिस्टर ना?"

मी हो म्हणालो. मग बायको आता या जगात नाही, हेही सांगितलं. बाई हळू आवाजात म्हणाली, "जमेल तेव्हा एकदा येऊन जा."

फोन ठेवला आणि मी तसाच स्वयंपाकघरात उभा राहिलो. गॅसवरचा चहा उतू गेला तो पुसला. चौतीस वर्षं आम्ही एका घरात होतो. तिला कमी ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं.

मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो. खांबावर चढायचं, तुटलेली तार जोडायची, फोन लावायचा आणि पलीकडच्या माणसाला विचारायचं, "ऐकू येतंय का?" एकतीस वर्षं अनोळखी माणसांना मी दिवसातून पन्नास वेळा हे विचारलं. घरी माझं वाक्य वेगळं होतं. घरी मी म्हणायचो, "तुझं लक्ष कुठे असतं गं?"

आता गाडीचं सांगतो, कारण सगळं तिथेच येऊन अडलंय.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी. तरुणपणापासून मनात होतं. बायकोने पहिल्या दिवशी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "अहो, ही गाडी आहे की बाथटब? आत पडायचं, आणि बाहेर यायला दोन माणसं बोलवायची." तरी बसायची. रोज संध्याकाळी आम्ही शहराबाहेरच्या रस्त्याला एक चक्कर मारायचो. मी बोलायचो, ती खिडकीबाहेर बघत बसायची. मी काही बोललो की हिचं तोंड हमखास खिडकीकडे. मला वाटायचं, गाडी घेतल्याचा राग अजून गेला नाही. एकदोनदा मी चिडलोही. "भिंतीशी बोललो तर ती तरी माझ्याकडे तोंड करून ऐकेल." यावर ती हसायची.

गाडी चांगली होती, पण स्पीकर कंपनीचे, मूळचे. त्यांचा कागद सुकून कडेला फाटला होता. खालचा सूर लागला की दारात माशी अडकल्यासारखा आवाज यायचा. वेग वाढला की इंजिनाच्या आवाजात गाणं बुडूनच जायचं. मला आवाजातली खरखर सहन होत नाही, जन्मभर तेच काम केलं. मी ठरवलं, चारही बदलायचे. दोन्ही दारांतले मोठे, आरशांजवळचे छोटे, आणि सीटखाली एक अ‍ॅम्प्लिफायर.

हे काम गावात एकच माणूस नीट करतो. त्याला सगळे दणका म्हणतात. त्याच्याकडे महिनाभर नंबर लागत नाही. मला शनिवारची सकाळ मिळाली.

त्याच्या आदल्या गुरुवारी बायको म्हणाली, "अहो, शनिवारी अकराला माझ्याबरोबर याल का? तासाभराचं काम आहे."

"कुठे?"

"आहे जरा."

"शनिवारी दणक्याची वेळ आहे. किती दिवस थांबलोय माहीत आहे ना? तूच चल माझ्याबरोबर. तुझं काम पुढच्या आठवड्यात करू."

"बरं," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी विचारलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही. ते काम काय होतं, हे मला चौदा महिन्यांनी कळलं.

शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. तिला पंख्याखाली खुर्ची दिली. दणक्याने दारांची पॅनेलं काढली, क्लिपा एका डब्यात टाकल्या, जुने स्पीकर सोडवले. मी प्रत्येक तारेवर सूचना देत होतो. दणका शेवटी म्हणाला, "काका, तुम्ही खांबावर चढायचात तेव्हा खाली कोणी असं उभं राहायचं का?"

"राहायचे ना. सगळी गल्ली राहायची."

"मग तुम्ही काय करायचात?"

"पक्कड खाली पाडायचो."

तो हसला. दुकानातली इतर गिऱ्हाइकंही हसली. सगळ्यांचा मूड छान होता.

दुपारी दोन वाजता पॅनेलं बंद करून त्याने गाणं लावलं. उजवीकडून असा स्वच्छ आवाज आला की मला गहिवरून आलं. डावीकडून मात्र काहीच नाही. त्याने पॅनेल परत उघडलं. "काका, प्लगची कडी तुटलीये. दार आपटलं की निसटणार. नवीन मागवतो, सोमवारी या, पाच मिनिटांचं काम." आणि प्लग तसाच सुटा ठेवून पॅनेल लावून टाकलं.

मला तेव्हा काय सुचलं कोण जाणे. मी त्याला डोळा मारला. "थांब, गंमत बघ. आता आमच्या बाईसाहेबांची परीक्षा घेऊ."

मी तिला बोलावलं, तिच्या नेहमीच्या जागी, डावीकडे बसवलं. गाणं लावलं. दणका, त्याची दोन गिऱ्हाइकं आणि मी, चौघं खिडकीशी वाकून उभे.

"कसा वाटतो?" मी विचारलं.

"चांगला आहे."

"तसं नाही. तुझ्या बाजूचा सांग. डाव्या दाराचा. तो सगळ्यात भारी आहे."

तिने माझ्याकडे बघितलं. मग बाकीच्यांकडे. मग डावा हात उचलून दारातल्या स्पीकरच्या जाळीवर ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा. हात थोडा वेळ तिथेच होता. मग म्हणाली, "छान आहे. एकदम स्वच्छ येतोय."

आम्ही सगळे जे हसलो! दणक्याने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते. एक गिऱ्हाईक म्हणालं, "काकू, तुम्ही काकांच्या गाडीला नापास करणार नाही कधी." मी तिला सांगितलं, "अगं, तो जोडलेलाच नाही!"

तीही हसली. गाल लाल झाले होते. "तुमचं मन राखायला म्हटलं हो," ती म्हणाली, आणि गाडीतून उतरायला लागली. त्या दिवशी तिला हात द्यायचं मी विसरलो. तिची ती एकटीच बाहेर आली.

सोमवारी मी गेलो नाही. मंगळवारीही नाही. माझ्या बाजूचा उत्तम वाजत होता, आणि डावीकडे बसणारीची काही तक्रार नव्हती. तो प्लग राहून गेला.

राहिली नाही ती गोष्ट. ती मी सगळीकडे सांगितली. खात्यातल्या जुन्या मित्रांना, शेजाऱ्यांना, मुलीच्या सासरी जेवायला गेलो तिथे. "आमची बाई बंद स्पीकरचं कौतुक करते!" मी सांगायचो तेव्हा ती शेजारी बसलेली असायची. जाळीवर हात ठेवायची नक्कलही मी करायचो. लोक पोट धरून हसायचे. तीही हसायची. पुढे पुढे माझं बोलणं सुरू झालं की ती उठून पाणी आणायला जायची.

मागच्या महिन्यात एका सकाळी ती बाथरूममध्ये पडली. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यात दोन दिवस होती, शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा, कदाचित ऐकू जाईल." पलंगाच्या उजव्या बाजूला सलाइनचा स्टँड होता, म्हणून माझी खुर्ची डावीकडे. दोन दिवस मी वाकून तिच्या डाव्या कानाशी बोललो. जे कधी बोललो नव्हतो ते बोललो. ते काय होतं ते इथे लिहीत नाही.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या कानाच्या दवाखान्यात गेलो. माझ्या मुलीच्या वयाची बाई होती, तपासणी करणारी तीच. तिने मला खुर्ची दिली आणि फाइल काढली.

"पहिल्या तपासणीनंतर मी त्यांना शनिवारी अकराची वेळ दिली होती," ती म्हणाली. "घरच्या माणसाला घेऊन या म्हटलं होतं. मशीन लावताना ज्याचं बोलणं रोज ऐकायचं असतं त्याच्या आवाजावर ते जुळवून बघतो. त्या आल्याच नाहीत. नंतर एक वर्षाने, आता दीड महिन्यापूर्वी, आल्या. म्हणाल्या, द्या मागवून, या वेळी त्यांना घेऊनच येते."

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, "गाडीत मी बोललो की ती तोंड फिरवून खिडकीकडे बघायची. रागावून?"

"तुम्ही उजवीकडे बसत असाल."

"हो. गाडी मीच चालवतो."

"मग राग कसला, काका? चांगला कान पुढे करत असणार. डावा चालत नसला की माणसं तशीच मान वळवतात. समोरच्याला वाटतं, लक्ष नाही."

तिने फाइलमधला एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. पेशंटने भरायचा. अक्षर हिचंच, वाण्याची यादी लिहायची त्याच, जरा तिरक्या अक्षरात. प्रश्न होता, ऐकायला सगळ्यात जास्त अडचण कुठे येते? खाली लिहिलं होतं, 'गाडीत. ह्यांचं बोलणं.'

मी सही केली. मशीन आम्ही परत घेऊ शकतो, असं ती म्हणाली. मी नको म्हणालो आणि खिशात घालून आलो. शेंगदाण्याएवढं आहे. घरी येताना ते गाडीच्या कप्प्यात ठेवलं.

तिने त्या दिवशी जाळीवर हात का ठेवला, ते मला आता कळतं. कानाला लागत नाही ते तळहाताला लागेल, म्हणून. घरातही मिक्सर चालू आहे की बंद, हे ती हात लावून बघायची, मला वाटायचं सवय आहे. आणि त्या दिवशी हातालाही काही लागलं नसणार. लागणार कसं? तिला वाटलं असेल, आता हातालाही कळेनासं झालं. चार माणसं वाकून बघतायत, नवरा उत्तराची वाट बघतोय. ती काय बोलणार होती?

हे सगळं मुलीला सांगायचं मी ठरवलं. रविवारी ती येणार होती, आईचं कपाट आवरायला. मी सकाळपासून वाक्य जुळवत होतो. "बेटा, तुझ्या आईला ऐकू येत नव्हतं आणि मी तिची थट्टा केली." एवढंच म्हणायचं होतं.

ती आली. आम्ही पलंगावर कपडे काढून ठेवले, तिने घड्या घातल्या. आई गेल्यापासून तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. रडलीही नव्हती धड. एक शाल हातात घेऊन ती खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, ती स्पीकरची गोष्ट सांगा ना."

"कुठली?" मी म्हटलं. मला माहीत होतं कुठली.

"आईची हो. तिने कौतुक केलं ती. तुम्ही करता तशी नक्कल करून सांगा."

"आज नको गं."

"सांगा ना. मला ती तशी आठवायचीये. हसताना."

वाक्य जिभेवर होतं. मी तिच्याकडे बघितलं आणि गोष्ट सांगायला लागलो. दणका सांगितला, डोळा मारला ते सांगितलं. "तुझ्या बाजूचा सगळ्यात भारी आहे," हेही. शेवटी उशीवर हात ठेवून नक्कलसुद्धा केली. "छान आहे. एकदम स्वच्छ येतोय." माझा आवाज फाटला, पण तिला तो नकलेचाच भाग वाटला.

ती खूप हसली. हसता हसता रडायला लागली, शालीत तोंड खुपसून रडली, पहिल्यांदाच मोकळी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "किती भोळी होती ना आपली आई?"

"हो," मी म्हणालो.

या गोष्टीला दहा दिवस झाले. तिचा रोज फोन येतो. काल म्हणाली, ती गोष्ट पोरांनाही सांगितली, आता ती दोघं उशीवर हात ठेवून आजीची नक्कल करतात. मी म्हणालो, "बरं."

गाडी दारात आहे. मशीन कप्प्यात आहे. डाव्या दाराचा प्लग अजून सुटाच आहे, आणि मुलीला मी अजून सांगितलेलं नाही.