घोरणं म्हणजे फक्त एक आवाज

खुर्चीत सैल बसा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा.

हे ती दर गुरुवारी सांगायची, आणि सांगताना तिचे स्वतःचे पाय खुर्चीखाली एकमेकांत अडकलेले असायचे.

हात मांडीवर. रिकामे.

तिच्या हातात फोन असायचा.

आता डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडू नका.

सगळे मिटायचे. ती सोडून.

इथेच थांबून कोण कोण आहे ते सांगून टाकू. ती एका संस्थेतली सामाजिक कार्यकर्ती. गटातले सगळे तिला ताई म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचे मास्तरसुद्धा. ग्रंथालयाच्या वरची खोली संस्थेला गुरुवारी दुपारी मिळायची. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टेकवून उभं केलेलं टेबल टेनिसचं टेबल, आणि वाऱ्यापेक्षा कुरकुर जास्त करणारा पंखा. तिथे घरातलं आजारपण काढणारी माणसं जमायची. आजारी माणसं नव्हेत. त्यांना उठवणारी, पुसणारी, भरवणारी, आणि वर त्यांचीच बोलणी खाणारी.

मास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या बायकोची स्मरणशक्ती ओसरत चाललेली. ती त्यांना रोज सकाळी विचारायची, "आपण कोणाकडे आलात?" टेलरबाई घरीच शिलाईचं काम करायच्या, मशीनच्या पलीकडे पलंग, पलंगावर सासू. ड्रायव्हर शाळेची बस चालवायचा. त्याचा थोरला भाऊ शिडीवरून पडल्यापासून खाटेला खिळला होता आणि खाटेवरून सगळ्या घराला हुकूम सोडत होता. आणि मौनीबाई. हे नाव अर्थात ड्रायव्हरनं ठेवलेलं. नवऱ्याची एक बाजू लुळी पडलेली, एवढं गटाच्या नोंदवहीत होतं. बाकी बाईंनी गटात आल्यापासून तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. येताना मान हलवायच्या, जाताना मान हलवायच्या.

या सगळ्यांना सजगता शिकवायची म्हणून संस्थेनं तिला प्रशिक्षणाला पाठवलं होतं. श्वासाकडे बघायचं, अंगाकडे बघायचं, मनात येईल त्याला येऊ द्यायचं, हुसकायचं नाही. तिथल्या शिक्षिकेनं बजावलं होतं, स्वतः करत नाही ते दुसऱ्याला शिकवू नका. तिनं जोरजोरात मान डोलावली. मग परत आली, आणि कामाच्या रगाड्यात ते राहून गेलं. गुरुवारी तिचा आवाज तुपासारखा ओघळायचा, आणि त्याच वेळी तिचा अंगठा फोनवर कोणाला तरी उत्तर टाईप करत असायचा.

लोकांना बरं वाटायचं, हा भाग वेगळा. त्यामुळेच तिला जास्त टोचायचं.

आणि आता मोठ्या मॅडमनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, तिच्यासमोर हेड ऑफिसची जागा ठेवली होती. अहवाल लिहायचे. घरभेटी नाहीत, अडलेल्या घरांचे अपरात्रीचे फोन नाहीत. हो की नाही, आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. ती गेली की गुरुवारचा गट बंद. दुसरं कोणी शिकलेलंच नव्हतं. गटाला तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. मनातून तिचं जवळजवळ ठरलं होतं. जिला स्वतःला क्षणभर बसवत नाही तिनं लोकांना बसायला शिकवायचं, हे नाटक किती दिवस चालवायचं?

तर, डोळे मिटा.

"ताई, एक बोलू?" टेलरबाईंनी डोळे मिटायच्या आतच विचारलं.

"बोला ना."

"तुम्ही उघडेच ठेवता."

"काय?"

"डोळे. मागे एकदा मी हळूच बघितलं."

"म्हणजे तुम्ही पण उघडेच ठेवले होते की," ड्रायव्हर म्हणाला.

"किलकिले. तू गप रे." टेलरबाई परत तिच्याकडे वळल्या. "राग नका मानू. पण कोणी बघत बसलंय म्हटलं की माझे खांदे खाली येतच नाहीत. घरी सासूबाई बघत असतात. टाका वाकडा पडला तरी तिकडून आवाज येतो. इथे निदान..."

"मुद्दा योग्य आहे," मास्तर म्हणाले. पेपर तपासताना म्हणायचे तसंच.

आता ती काय सांगणार? की मी तुमच्याकडे बघत नव्हते, फोनकडे बघत होते?

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "आज मीपण मिटते."

फोन तिनं बाजूच्या खुर्चीवर पालथा ठेवला. त्या खुर्चीपलीकडे मौनीबाई होत्या.

डोळे मिटा. श्वास येतोय, येऊ द्या. जातोय, जाऊ द्या.

(डोळ्यांच्या आत किती लाल आहे.)

कानावर आवाज पडतील. पंख्याचा, रस्त्यावरचा. आवाज म्हणजे फक्त आवाज. त्याला चांगलं म्हणू नका, वाईट म्हणू नका, आणि उठून काही करायला जाऊ नका.

(संध्याकाळी मॅडमना काय. हो म्हणायचं. अहवाल. अहवाल काही रात्री फोन करत नाहीत.)

आता लक्ष कपाळाकडे. कपाळ सैल. जबडा सैल.

(अरे, जबडा. हा कधीपासून आवळलेला?)

आता लक्ष खांद्यांकडे आणा. खांदे जड होऊ

जड

आता

&nbsp;

या पुढच्या भागात ती झोपलेली असल्यामुळे हा भाग तिला ठाऊक नाही. नंतर तो तिला प्रत्येकानं आपापल्या परीनं सांगितला. ज्यानं त्यानं सांगितलं तसं देत आहोत.

मास्तरांचं म्हणणं: "मला तो अभ्यासाचाच भाग वाटला. आधी आपण म्हणालात, आवाज म्हणजे फक्त आवाज. मग आवाज सुरू झाला. मी प्रामाणिकपणे ऐकत राहिलो. चढा होता, उतार होता, मध्ये एक शिट्टी होती. चांगलं म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. खरं सांगायचं तर इतकं एकाग्र मला इथे कधीच होता आलं नव्हतं."

टेलरबाईंचं म्हणणं: "मला पहिल्याच घोरण्याला कळलं. झोपलेलं माणूस मला भिंतीपलीकडून कळतं. पण तुम्हीच म्हणाला होतात, उठून काही करू नका. शिवाय मान एका बाजूला पडली होती. एवढी माझी अवज्ञा झाली, मी माझ्या पिशवीतलं कापड घडी करून मानेखाली सारलं. गिऱ्हाईकाचं होतं. असू दे."

ड्रायव्हरचं म्हणणं: "मला हसू आवरेना. तोंडात रुमाल कोंबला. मग वेळ झाली, तरी कोणी हलेना. मी जिन्यात जाऊन भावाला फोन लावला, म्हटलं उशीर होतोय. तर म्हणाला, होऊ दे, तू नाहीस तर घरात जरा शांतता आहे. आता बोला. मी इतके दिवस धावतपळत घरी जात होतो ते कोणासाठी?"

मग तिचा फोन थरथरला. मोठ्या मॅडम. फोनच्या सर्वांत जवळ मौनीबाई होत्या. त्यांनी उचलला.

इथून पुढचं तिघांनीही अगदी सारखं सांगितलं, एका शब्दाचा फरक न करता.

"हॅलो," मौनीबाई म्हणाल्या. "त्या झोपल्यात."

पलीकडून काहीतरी.

"नाही. उठवणार नाही."

पलीकडून बरंच काहीतरी.

"हेड ऑफिस? बरं. सांगते निरोप. त्यांची झोप झाल्यावर."

आणि फोन ठेवून दिला. ड्रायव्हरनं जिन्यातून येऊन पुन्हा तोंडात कोंबलेला रुमाल खाली पडला तो तेव्हाच.

&nbsp;

ती जागी झाली तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं, मानेखाली निळं रेशमी कापड होतं आणि सगळे डोळे उघडून तिच्याकडे बघत होते.

ती ताडकन सरळ बसली. "किती वेळ झाला?"

"पुष्कळ," मास्तर म्हणाले.

"अहो मग उठवायचं नाही का? तुमची घरं, तुमची माणसं..."

"सगळ्यांनी फोन केले. सगळी जिवंत आहेत," टेलरबाई म्हणाल्या. "सासूबाई शेजारणीबरोबर टीव्ही बघतायत. माझ्याविरुद्ध काहीतरी सांगत असतील, तेवढाच त्यांचा वेळ जाईल."

"मला माफ करा. हे असं व्हायला नको होतं. झोप म्हणजे सजगता नव्हे. प्रशिक्षणात अगदी स्पष्ट..."

"मॅडमचा फोन होता," मौनीबाई म्हणाल्या.

तिला आधी आवाज कोणाचा तेच कळेना. जाड, खर्जातला, थोडा गंजलेला आवाज.

"हेड ऑफिसच्या जागेचं उत्तर हवंय म्हणाल्या. हो की नाही. संध्याकाळपर्यंत."



"मी म्हटलं होतं, आपणच कळवून टाकू, येत नाही म्हणून," ड्रायव्हर म्हणाला. "यांनी सांगू दिलं नाही."

"त्यांचं उत्तर तू कोण देणार?" टेलरबाई म्हणाल्या. "तुझ्या भावानं तुझं परस्पर ठरवलं की इथे येऊन तासभर रडतोस."

"रडत नाही. सांगतो."

"पण ताई," मास्तर हळूच म्हणाले, "आम्हाला आपल्याकडून कळलं असतं तर बरं वाटलं असतं."

हे मात्र लागलं. ती निळ्या कापडाची घडी घालायला लागली. चुकत होती, टेलरबाईंनी ते हातातून काढून घेतलं.

"कोणत्या तोंडानं सांगणार होते?" ती म्हणाली. "मी हे कधी केलेलंच नाही. तुम्ही डोळे मिटायचात, मी मेसेज करायचे. घरीही नाही केलं. आज पहिल्यांदा मिटले, आणि बघितलंत ना काय झालं. मला येतच नाही हे."

"एवढंच?" ड्रायव्हर म्हणाला. "मला वाटलं पगार वाढतोय."

"पगार तेवढाच आहे."

"मग कशाला जाता?"

प्रशिक्षणात सांगितलं होतं तसं तिनं तो प्रश्न हुसकला नाही. अंगात कुठे काय होतंय ते बघितलं. मान दुखत होती. खांदे मात्र खाली होते. आणि त्या खाली आलेल्या खांद्यांवरून, आश्चर्य म्हणजे, हेड ऑफिस कुठेच दिसत नव्हतं. दिसत होती ती फक्त झोप. तिला बदली नको होती. तिला झोप हवी होती. या दोन गोष्टी तिनं कधी वेगळ्या काढूनच बघितल्या नव्हत्या.

"फोन करते," ती म्हणाली.

"आम्ही बाहेर जातो," मास्तर उठले.

"नको. बसा."

मॅडमनी पहिल्याच रिंगला उचलला. "झाली झोप?"

"झाली. मॅडम, हेड ऑफिस नको."

"बरं."

"पण अपरात्रीचा फोन सातही रात्री माझ्याकडेच असतो. तो संस्थेतल्या सगळ्यांनी आळीपाळीनं घ्यायचा. गुरुवारी गटानंतर घरभेट ठेवणार नाही. आणि हे शिकायला अजून कोणाला तरी पाठवा. मी आजारी पडले तर गट बंद पडायला नको."

खोलीत चौघांनीही श्वास रोखले होते, जे शिकवलेल्याच्या बरोबर उलट होतं.

"पहिलं उद्यापासून करू," मॅडम म्हणाल्या. "दुसरं तुझं तू ठरव, मला काय विचारतेस? तिसऱ्याला वेळ लागेल, पण करते. हे सगळं आधी का नाही मागितलंस?"

"जागी होते ना, म्हणून सुचलं नाही."

मॅडम हसल्या बहुतेक. फोनमध्ये खरखर झाली. "आणि मघाशी फोनवर होत्या त्या बाई कोण? माझ्याशी इतकं थोडक्यात अजून कोणी बोललेलं नाही."

तिनं मौनीबाईंकडे बघितलं. बाई पदरानं चष्मा पुसत होत्या.

"गटातल्या आहेत," ती म्हणाली. "जरा बोलक्या आहेत."

फोन ठेवल्यावर ड्रायव्हरनं टाळी वाजवली आणि आपण एकटेच वाजवतोय हे बघून थांबला. तिनं सांगितलं, आता खरंच निघा, उशीर झालाय. मास्तरांनी छत्री उचलली आणि परत टेकवून ठेवली. टेलरबाई कापड पिशवीत घालता घालता मध्येच थांबल्या.

"तुमचं घोरणं," मौनीबाई तिला म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यासारखंच आहे. आजारी पडायच्या आधी असंच घोरायचे. तेव्हा वैताग यायचा." चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला. "आज बरं वाटलं ऐकायला. आता मला थोडं बोलायचंय. चालेल ना?"

ती परत खुर्चीत बसली. फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावली.

"बोला," ती म्हणाली.