खोक्यातला पॅक

"ह्यो न्हाई, साहेब. त्या खोक्यातला घ्या."

शालूबाई बोलली तसे पुण्याहून माल तपासायला आलेले गोगटेसाहेब थांबले. हातातला नमुन्याचा पॅक त्यांनी ट्रेमध्ये परत ठेवला. मालक वीरधवल हसले.

"त्यो माल पॅक झालाय, शालूबाई. तुमी कामाला लागा."

शालूबाई हलली नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या या शेडमध्ये ती दोन वर्षं लिथियमच्या बॅटऱ्या जुळवत होती. हातात मावणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी. दोन सेल, त्यांवर बोटाएवढी सर्किटची पट्टी, वरून प्लास्टिकचं कवच. चार्जिंग जास्त झालं की पट्टी करंट तोडायची. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर वीरधवलनी खर्च वाचवायला ती पट्टीच बंद केली. आत सेल खुळखुळू नयेत म्हणून तिच्या जागी पुठ्ठ्याचा तुकडा आला. साहेबांना दाखवायच्या नमुन्यांत तेवढी पट्टी असायची. शालूबाईनं पुठ्ठे बसवले. विचारलं काही नाही.

फेब्रुवारीत चार्जिंगच्या टेबलावर एक पॅक फुटला. समोर अक्षता होती. खंडाळ्याची, एकोणीस वर्षांची. उजवा डोळा गेला, गाल जळाला. वीरधवलनी तिच्या वडलांचा अंगठा घेतला: मुलीच्या निष्काळजीपणामुळं आग लागली.

शालूबाई दवाखान्यात गेली तेव्हा अक्षतानं एवढंच विचारलं, "मावशी, त्यातला पुठ्ठा तुमी बसवला व्हता का वो?"

पुढचे चार महिने शालूबाईनं वीरधवलना रोज सकाळी नमस्कार केला आणि पुण्याच्या साहेबांची वाट बघितली.

आता तिनं खोकं फाडलं, एक पॅक काढला आणि सेलला धक्का न लावता ब्लेडनं कवच कापलं.

"आवं, काय करताय!" वीरधवल धावले.

"उघडून दावते, मालक."

पुठ्ठा टेबलावर पडला. तिनं दुसरा पॅक कापला. मग तिसरा.

"पट्टी कुठंय?" गोगट्यांनी विचारलं.

"अक्षताच्या पॅकमधी बी नव्हती," शालूबाई म्हणाली. "आग तिनं लावली न्हाई, ह्यांनी लावली. आन् पुठ्ठं मी बसवलं. लिहून घ्या, सही करते."

गोगट्यांनी लिहून घेतलं. शालूबाईनं एक प्रत मागून घेतली.

ऑर्डर हातची गेली. आठवड्यात शेड बंद झाली, बावीस बायका घरी बसल्या. "सूड तुजा, आन् चुली आमच्या इजल्या," त्यांतली बनुबाई फाटकाशी म्हणाली. शालूबाईनं ऐकून घेतलं. तिची चूलही त्यातच होती. पण वीरधवल कुलूप लावत होते तेव्हा ती मुद्दाम थांबली, आणि किल्ली फिरेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

तिथून ती एसटीनं खंडाळ्याला गेली. अक्षता अंगणात शेंगा फोडत होती. शालूबाईनं कागद तिच्या हातात दिला आणि झालेलं सगळं सांगितलं. अक्षतानं कागद वाचून घडी घातली.

"पट्टी कुठंय म्हणल्यावर त्याचं तोंड कसं झालं?"

"पांढरं फटक. व्हट थरथरत व्हते."

"आन्?"

"बसायला खुर्ची शोधत व्हता. घावली न्हाई."

अक्षतानं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"परत सांगा, मावशी. पयल्यापास्नं."

शालूबाईनं परत सांगितलं. मग आणखी एकदा. फाट्यावर साताऱ्याची शेवटची गाडी येऊन गेली, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.