पाहून झालेली गुंडाळी

चहा सोडून तिला बरीच वर्षे झाली होती. कुणी विचारले की ती सांगे, पित्त होतं. खरी गोष्ट अशी, की दादाची जिरवल्याशिवाय चहाचा घोट घ्यायचा नाही असा तिने नेम धरला होता, आणि धरलेला नेम सोडणाऱ्यांतली ती नव्हती.

दादा तिचा थोरला भाऊ. कुलपांचे दुकान होते, पण जीव सगळा नाण्यांत. बँकेतून नाण्यांच्या कागदी गुंडाळ्या आणायच्या, टांकसाळीत चुकून निराळे निघालेले एखादे सापडते का ते भिंगाखाली बघायचे, आणि बाकीची परत बँकेत भरायची. दादा बघायचा, ती गुंडाळायची; म्हणून तो तिला ‘चिमटी’ म्हणे. भरलेल्या गुंडाळ्या फिरून पुन्हा आपल्याच पदरात पडतात, म्हणून पाहून झालेलीला खूण असे: कागदाची शेपटी डावीकडे मुडपून तिच्यावर अंगठ्याच्या नखाने चंद्रकोर दाबायची. नख तिचे. दोघे जात त्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळात मात्र ती ‘दादांची खूण’ म्हणून ओळखली जाई.

एका दुपारी, दादाने पाहून बाजूला सारलेल्या ढिगातले एक नाणे गुंडाळताना तिच्या बोटांत थबकले. ती रफू करून पोट भरायची. कापडातला एक धागा सरकला तरी तिच्या नजरेतून सुटत नसे.

“दादा, या नाण्यावरच्या पाखराला एकाच बाजूला दोन डोळे आहेत.”

“तुला तुझ्या दोन डोळ्यांनी नीट दिसू दे आधी,” म्हणत त्याने भिंग लावले, आणि मग दिवा जवळ ओढला. ठसा दोनदा उठला होता. तसे नाणे तोवर कुणाच्या पाहण्यात नव्हते.

मंडळात त्याने ते आपण शोधले म्हणून मांडले. वार्षिकात फोटो छापून आला. न राहवून भर सभेत ती म्हणाली, “ते आधी मी पाहिलं.” दादा खो खो हसला. “हो तर! कागद आमच्या चिमटीनंच गुंडाळला होता. वाजवा टाळ्या!”

लोकांनी खरोखरच वाजवल्या. त्या संध्याकाळी तिने चहा सोडला.

भांडण केले नाही. दादाकडे जाणे-येणे ठेवले, वहिनीच्या साड्या फुकट रफू करून दिल्या. पण रोज आंघोळ झाली की सुईला हात लावण्याआधी ती आपल्या पैशांनी आणलेल्या गुंडाळ्या घेऊन बसे. कॅशियर चेष्टा करी, “ताई, नाण्यांची भाजी करता की काय?” ती हसे. निखारा राखेखाली नीट झाकलेला होता.

आणि एके सकाळी दुसरे पाखरू तिच्याकडे दोन डोळ्यांनी बघू लागले.

दुसऱ्याच दिवशी ते मंडळात नेले असते तर तिचाही फोटो आला असता. पण तिला फोटो नको होता. तिला दादाचे तोंड बघायचे होते.

मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गंमत म्हणून प्रत्येकाला बँकेतली एकेक गुंडाळी देत आणि सगळ्यांसमोर उघडायला लावत. “यंदा गुंडाळ्या मी आणते,” ती अध्यक्षबाईंना म्हणाली. बाईंना आनंदच झाला. दरवर्षी ते ओझे त्यांच्याच गळ्यात पडे. वाटपही तिनेच केले. दादापुढे जी ठेवली, तिची शेपटी डावीकडे मुडपलेली होती.

दादाने ती उचलली, बघितली आणि हसू लागला. “अरे, ही तर माझी पाहून झालेली!”

“कशावरून?” शेजारच्या चष्मेवाल्याने विचारले.

“ही घडी बघा. दुसऱ्या कुणाला जमायची नाही.”

“तरी उघडा की. एखादं नजरेतून सुटलं असेल.”

“माझ्या? चष्मे तुम्ही विकता, मला लागत नाहीत.” हशा पिकला. त्याने गुंडाळी तिच्याकडे भिरकावली. “घे चिमटे, तूच उघड. भाजीला सुटे होतील.”

तिने कागद सावकाश सोडवला. नाणी रुमालावर पसरली, त्यातले एक कडेने उचलून अध्यक्षबाईंच्या तळहातावर ठेवले. बाईंनी भिंग लावले, काढले, पुसले, पुन्हा लावले.

“अगं बाई! दोन डोळे!”

खुर्च्या सरकल्या. नाणे हातोहात फिरले. चष्मेवाल्याने वर बघितले. “दादा, हे तुमच्या भिंगाखालून गेलंय म्हणता?”

“पहिलंसुद्धा असंच गेलं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “पाहून झालेल्यांत होतं. मी कागद गुंडाळत होते.”

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दादाने टेबलावरचा कागद ओढून घेतला. चंद्रकोरीवरून बोट फिरवले आणि तिच्या अंगठ्याकडे पाहिले. त्याला सगळे उमगले, हे तिला दिसले. घडी हिची आहे, हिनेच डाव रचला, एवढे म्हणायला त्याने तोंड उघडलेही. पण घडी हिची म्हटले की आजवरच्या साऱ्या घड्या हिच्या, आणि प्रत्येक गुंडाळीवरून शेवटची नजर हिची. तोंड तसेच उघडे राहिले.

“सांग ना, दादा,” तिने मायेने विचारले, “खूण कुणाची आहे?”

सगळे त्याच्याकडे बघत होते.

“माझी,” तो म्हणाला.

चहाचा ट्रे घेऊन आलेली बाई सवयीने तिला वगळून पुढे निघाली होती. तिने त्या बाईचा पदर हलकेच धरला.

“आज मलाही द्या. साखर जरा जास्त घाला.”